तिसरी सर्व्हिस

अकोल्यातली पुरुषांची एकमेव बंदिस्त व्यावसायिक टेनिस स्पर्धा माझ्यामुळे बंद पडली, असं आमच्या घराण्यात मानलं जातं. साफ खोटं आहे हे! ती बाबांमुळे बंद पडली. आणि थोडीफार पंख्यामुळे.

माझ्या काकांचं अकोल्यात मंगल कार्यालय आहे. अधिक महिन्यात लग्नं नसतात, हॉल महिनाभर रिकामा, आणि घरचा जावई धोंड्याच्या जेवणाला यायचाच असतो. काकांनी कुठल्याशा क्लबाच्या भंगारातून एक जाळं आणि चार रॅकेटी उचलल्या, फरशीवर लाल चिकटपट्टीनं रेषा मारल्या आणि स्पर्धा जाहीर करून टाकली. बंदिस्त, कारण बाहेर अकोल्याचं ऊन. व्यावसायिक, कारण जिंकणाऱ्याला पाकीट. पुरुषांची, कारण बायका अनारसे तळत होत्या. (त्यांना कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ताईनं आम्हा सगळ्यांना लोळवलं असतं.)

पहिल्या खेपेला ताईचे यजमान, आमचे जावई अविनाशराव जिंकले. काकांनी लगेच पेंटर बोलावून दारातल्या बोर्डावर त्यांचं नाव रंगवून घेतलं. मी पहिल्याच फेरीत हरलो होतो. ते नाव पाहून माझा असा जळफळाट झाला की काही विचारू नका! खालची ओळ माझीच, असं मी तिथंच ठरवलं. पुढचा अधिक महिना यायला तीन वर्षं होती. तीन वर्षं मी अमरावतीत रोज सकाळी गच्चीच्या भिंतीवर बॉल बडवला. (मला हरायची सवयच नाही. अंजनगाव सुर्जीला माझ्या सासुरवाडीत मी कॅरममध्ये लग्नापासून नऊ वर्षं अजिंक्य आहे. सासऱ्यांना विचारा!)

आणि अखेर फायनल. मी विरुद्ध अविनाशराव. अंपायर आमचे बाबा, स्टेजवर नवरदेवाच्या खुर्चीत. अविनाशराव सात धोंडे खाऊन आणि आहेराचा नवा सफारी घालून उभे होते. त्यांना धड वाकताही येत नव्हतं. मी मनातल्या मनात बोर्ड रंगवूनही टाकला.

पहिलाच फटका मी रेषेवर मारला.

"बाहेर!" बाबा गरजले.

"बाबा, पट्टीवर पडला! पट्टी उखडली पाहा!"

"मंग पट्टी चिकटव."

अविनाशराव बिचारे सज्जन. म्हणाले, "बाबा, आत होता बरं का."

"तुमी खेळा जावाईबुवा. आत-बाहेर पाहाले मी बसलो न इथं!"

मग अविनाशरावांची सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरीही जाळ्यात. मी मूठ आवळून नाचलो.

"तिसरी मारा," बाबा शांतपणे म्हणाले.

"तिसरी? टेनिसमध्ये तिसरी सर्व्हिस नसते!"

"अधिक महिना हाये न? मंग अधिकाची एक."

मी कपाळावर हात मारला. दाद मागायला काकांकडे पाहिलं, तर काका जावयांना पंख्याखाली सरबत पाजत होते! माझ्या घशाला कोरड पडली होती, पण मला कोणी पाण्याचंही विचारलं नाही. उलट आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "लाज नाही वाटत काय रे, जावायाले पळवून राहिला! नवा सफारी भिजला त्यायचा!"

एवढ्या सगळ्यांशी एकटा लढत मी शेवटच्या पॉइंटपर्यंत बरोबरीत आलो, हे लक्षात घ्या. आता अविनाशरावांनी एक लोंबता बॉल दिला. तीन वर्षांचा सगळा राग मी त्या रॅकेटमध्ये आणला आणि हाणला. जरा वर गेला. वर पंखा फिरत होता. पंख्यानं तो बॉल माझ्यापेक्षा चांगला मारला. नेमकी तेव्हाच आई, आपल्या मते खेळ संपला म्हणून, जावयाला द्यायचं वाण घेऊन कोर्टात शिरली होती. तेहतीस अनारसे, वर चांदीचा दिवा. बॉल थेट ताटात! दिवा गडगडत स्टेजखाली गेला आणि अनारसे हॉलभर.

मग बाबा उठून उभे राहिले.

"जावाईबुवा विजयी!"

ताई रडायला लागली, "माह्या नवऱ्याचं वाण सांडवलं यानं!" काकांनी तिथल्या तिथं जाळं गुंडाळलं आणि या हॉलात पुन्हा टेनिसचं नाव काढायचं नाही, असं सांगितलं. बोर्डावर दुसऱ्या ओळीतही अविनाशरावच आहेत.

परतताना मूर्तिजापूरपर्यंत माझी तणतण चालू होती. "जावाई झाला म्हणून काय त्यानं हारायचंच नाही? अन् त्या माणसाले तरी समजू नये, का हे आपल्याले जिंकवून राहिले? एवढा कसा भोळा?"

शेजारी बसलेली बायको तोंडावर पदर घेऊन हसत होती.

"काहून हसून राहिली?"

"काही नाही हो. माहे बाबा कॅरममध्ये तालुक्यात पहिले यायचे, तुमाले कोणी सांगतलं नाही काय कधी?"

पुढच्याच आठवड्यात अंजनगावला माझं धोंड्याचं जेवण होतं. जेवण झालं, कॅरम निघाला. सासऱ्यांनी क्वीन अगदी भोकाच्या काठावर आणून ठेवली, वर हळहळले, "छ्या! नेमच राहिला नाही आता माहा."

मी क्वीनकडे बघितलं. सासऱ्यांकडे बघितलं. बायको दारात उभी होती, तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

घेतली. नऊ वर्षांचा विक्रम आहे हो, असा कसा मोडू!