वाघीण जेवेना

काल दवाखान्यात फिनेलचा वास आला आणि श्रीवर्धनजवळचं समुद्राकाठचं ते प्राणिसंग्रहालय आठवलं. बाबा तिथे वाघ-माकडांची देखभाल करायचे. ते अचानक गेले, तेव्हा त्यांची म्हातारी वाघीण जेवेना. शेवटी तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी आईला बोलावलं. मीही गेले.

खाऱ्या वाऱ्यात माकडं कलकलत होती. आईने बाबांचा खाकी शर्ट गजांपाशी धरला. वाघीण जड पावलांनी आली आणि बराच वेळ तो हुंगत राहिली.

"ते आता नाय येनार, बाय," आई म्हणाली. "तू खा."

बाबा गेल्यापासून न रडलेली आई तिथेच बसून हमसून रडली. तेव्हा मला वाटलं, ती वाघिणीची समजूत घालतेय. आईनेही त्या दिवसांत धड घास घेतला नव्हता, हे आता उमगतं.

वाघीण शेवटपर्यंत जेवली नाही. आई मात्र त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवली.