लंकेच्या रेताडात आमचे पाणाडे

बांधबंदिस्तीच्या कामावर एकत्र खपलेली माणसं कुठंही गेली तरी कामच बघतात. पारनेरहून आम्ही चौघे दुष्काळ सरल्यावर रामेश्वर करून बोटीने लंकेला गेलो. माझी वही देवळांपेक्षा असल्याच गोष्टींनी भरली.

आमच्यातले रामभाऊ नावाजलेले पाणाडे, जमिनीखालचं पाणी दाखवणारे. पण दुष्काळात त्यांनी दाखवलेली एक विहीर कोरडी निघाली. तेव्हापासून त्यांनी जागा दाखवणंच सोडलं. आमच्यातलेच बबनराव ते विसरू देत नसत. भर समुद्रात म्हणाले, "रामभाऊ, हितं तरी पानी हाय का?"

"हाय. पन तुझ्यासारखं, कामाचं न्हाई."

*

त्या हिरव्यागार बेटाच्या दक्षिणेला एक राष्ट्रीय उद्यान आहे. सगळी रेती आणि काटेरी झुडपं. जीपमधला वाटाड्या इंग्रजीत म्हणाला, "असा कोरडा मुलूख तुम्ही पाहिला नसेल." मी मराठीत सांगितलं.

बबनरावांनी चौफेर पाहिलं. "ह्याला तिकीट लावलंय?"

*

मग वाटाड्याने तिथला पाऊस किती कमी ते सांगितलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

बबनराव म्हणाले, "एवढा पडला तर आमी ऊस लावू."

*

पुढे एका ओघळीने रस्ता खाल्ला होता. खाली उतरायला बंदी, म्हणून पाणी अडवणारी दगडांची ताल कुठे घालायची यावर जीपमध्येच आमचा वाद जुंपला. तेवढ्यात बिबट्या आडवा गेला. वहीत त्याची नोंद मी वाटाड्याच्या सांगण्यावरून केली आहे.

*

शेवटी एक कोरडा ओढा लागला. रामभाऊंनी जीप थांबवायला लावली. बराच वेळ पात्राकडे बघून हळूच म्हणाले, "त्या काळ्या दगडाच्या अलीकडं, दोन हात खाली पानी हाय."

मी इंग्रजीत सांगताच वाटाड्या हसला. ओढा कधीच आटला होता.

"पुन्हा फसाल, रामभाऊ," बबनराव म्हणाले.

"फसलो तर फसलो. हितं कोन खनून बघनार हाय?" रामभाऊंनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात झाडीतून एक हत्तीण आली. सोंडेने रेती हुंगत सगळं पात्र चालली आणि काळ्या दगडाच्या अलीकडे थांबली. पुढच्या पायाने रेती उकरू लागली. खड्डा झाला, सोंड आत गेली, आणि भरलेली सोंड तिने तोंडात रिकामी केली.

वाटाड्याने इंजिन बंद केलं.

बबनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "रामभाऊ, घरी गेल्यावर आमच्या मळ्यातली जागा दाखवता का?"

रामभाऊंनी हत्तिणीवरची नजर हलवली नाही. "आदी तिला इचार."