ओरखड्याची लेन्स

वापरलेले कॅमेरे विकणाऱ्या त्या दुकानदाराने बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या. पाऊण तास. आत कोण शिरतं, बाहेर येताना कुणाचं तोंड उतरलेलं असतं, हे त्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. दुकानदाराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"कराच्या ऑफिसातली दिसते," तो बायकोला म्हणाला.

"असू दे. तुम्ही कशाला घाम पुसताय? काही लपवलंय का माझ्यापासून?"

दुसऱ्या दिवशी बाई आत आल्या. पिशवीतून एक जुना कॅमेरा आणि टॉर्च काढला, वर्तमानपत्राचं एक पान काढलं आणि ते चिकटपट्टीने भिंतीवर लावलं. बारीक अक्षरांचा फोटो काढून लेन्स पारखायची होती. हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर सव्वीस वर्षं काढलेली बाई. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय तिने कुणाला काही दिलं नव्हतं.

थोरल्या बहिणीबरोबर नऊ दिवसांनी त्या बर्फाच्या डोंगरांकडे निघणार होत्या. बहिणीचे गुडघे पुढच्या वर्षी साथ देतील याचा भरवसा नव्हता. तो जुना कॅमेरा बहिणीकडे पडून होता. हवी होती ती लांबचे पक्षी टिपणारी लेन्स. नवी घेतली तर दोघींपैकी एकीला घरी बसावं लागलं असतं.

दुकानदाराने एक स्वच्छ लेन्स पुढे केली.

"इतकी स्वस्त का?"

"मालकाने दोन महिन्यांपूर्वी घेतली, पण वापरलीच नाही, ताई. हौस फिटली."

"दोन महिन्यांत? काहीतरी काळंबेरं असणार."

टॉर्च आतून-बाहेरून फिरला. काही सापडेना, तसा संशय वाढला. दुकानदाराने पाचशे कमी केले. चटका बसावा तशी बाईंनी लेन्स खाली ठेवली आणि त्या निघून गेल्या.

"आणखी उतरवा भाव," बायको आतून म्हणाली. "पुढच्या वेळी पोलीस घेऊन येतील."

बाई आणखी दोनदा आल्या, दोन्ही वेळा रिकाम्या हाताने गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना खालच्या फळीवर चिठ्ठी चिकटवलेली एक लेन्स दिसली. ती सुट्या भागांसाठी ठेवली होती.

"हिला काय झालंय?"

"दगडावर पडली. पुढच्या काचेवर ओरखडा आहे, नखाएवढा. एरवी फोटोत कळत नाही. सूर्य समोर असला की मात्र उजवीकडे धुरकट येतं."

बाई पहिल्यांदाच स्टुलावर बसल्या. त्यांनी वर्तमानपत्राचा फोटो काढला. अक्षरन् अक्षर स्वच्छ. मग दारात जाऊन उन्हाकडे लेन्स धरली. उजवीकडे धुरकट आलं, अगदी सांगितलं तिथे. बाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही खरं बोलता की!"

"मग आता तरी ती चांगली घ्या ना, ताई."

"छे! तिच्यात काय आहे ते अजून कुठे कळलंय?"

दुकानदाराने कपाळाला हात लावला. चांगल्या लेन्सच्या एक तृतीयांश किमतीत ही लेन्स गेली. पावतीवर ओरखड्याची लांबी लिहून, खाली सही घेऊनच बाई उठल्या.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा दारात दिसल्या. 'आल्या भांडायला,' असं मनाशी म्हणत दुकानदार उगाच फळ्या पुसू लागला. बाईंनी काउंटरवर फोटो मांडले: कड्यावरचं गिधाड, त्याची मान, पिसं, आणि बर्फात काठी टेकून हसणारी बहीण.

"एकोणीस फोटो धुरकट आलेत. सगळे सूर्यासमोरचे. तुम्ही सांगितलंत तसेच," त्या म्हणाल्या.

दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. एवढी शाबासकी त्याला आजवर कोणत्याच गिऱ्हाइकाने दिली नव्हती.

"ताई, माल आला की तुम्हीच तपासून देत जा ना," बायको म्हणाली. "यांच्यावर माझाही फारसा विश्वास नाही."

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. बहिणीबरोबर राहतात आणि दर बुधवारी सकाळी त्या दुकानात बसून आलेल्या लेन्स तपासतात.