ड्रॅबल ५४

सिरिल ड्रॅबलने ॲटरक्लिफच्या वर्किंग मेन्स क्लबमध्ये, म्हणजे कामगारांच्या करमणुकीच्या क्लबात, सव्वीस वर्षं ड्रम वाजवले आणि या सव्वीस वर्षांत त्याचं नाव कुणी एकदाही छापलं नाही. दाराजवळच्या फळ्यावर दर आठवड्याला पाहुण्या गायिकेचं नाव मोठ्या अक्षरांत यायचं, त्याखाली 'ऑर्गनवर: लेनर्ड', आणि सगळ्यात खाली 'ड्रमची सोय आहे'. सिरिल म्हणजे ती सोय.

दिवसा तो चमच्यांच्या कारखान्यात छाप मारायचा. पायाने पेडल दाबलं की वरून घण पडायचा, सपाट पत्र्याचा चमचा व्हायचा. पुन्हा पेडल, पुन्हा घण. तीस वर्षं हे केल्यावर माणसाच्या अंगात लय भिनते, असं कारखान्याबाहेरचे लोक समजतात. सिरिलच्या अंगात फक्त ठोका भिनला होता. तो कधी पुढे पळायचा नाही, मागे रेंगाळायचा नाही, आणि गाणं दुःखाचं आहे की पोल्काचं, याचा त्याच्या मनगटांना पत्ता नसायचा. क्लबात येणारे विनोदवीर यावर पोट भरायचे. "आमच्या ड्रमरच्या नाकाशी कुणीतरी आरसा धरून बघा हो, वाफ येते का!" लोक खिदळायचे. विनोद संपला की झांजेवर टकोरा देणं हे ड्रमरचंच काम असल्यामुळे सिरिल स्वतःवरच्या विनोदालाही वेळेवर टकोरा द्यायचा.

१९७९च्या वसंतात क्लबने नवा ऑर्गन घेतला. त्याच्या डाव्या अंगाला बटणांची एक ओळ होती: वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, सांबा. बटण दाबलं की ड्रम आपोआप वाजायचे. क्लबचे कार्यक्रम ठरवणारा रेग थॉर्प सिरिलला कोपऱ्यात घेऊन गेला.

"मनाला लावून घेऊ नकोस, गड्या. तू वाईट वाजवतोस असं कुणाचंच म्हणणं नाही."

"मग?"

"बटणही वाईट वाजवत नाही. आणि त्याला सांबा येतो. तुला कुठे येतो?"

"सव्वीस वर्षांत कुणी मागितलाच नाही."

"तेच तर," रेग म्हणाला, जणू काही सिद्ध झालं.

ड्रम घरी आले आणि जिन्याखाली गेले. "तिथं माझा व्हॅक्युम क्लीनर असतो," मॅव्हिस म्हणाली. ही सिरिलची बायको; शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना वाढून आल्यावर तिच्याकडे हळहळ फार उरत नसे. पण रेगचं नाव तिने त्या दिवसापासून घेतलं नाही. त्याला ती 'तो बटण' म्हणायची.

शेजारची जॅनिस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. वय वीस, केस एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीतच. तिने आणि तिच्या ट्रेव्हर नावाच्या मित्राने 'मीटर रीडर्स' नावाचा बँड काढला होता; गायची जॅनिस. ट्रेव्हर तंत्रशाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा आणि तिथल्याच तारा जोडून त्याने आवाज काढणारी यंत्रं बनवली होती. नळात हवा अडकली की जसं होतं तसं ते संगीत आहे, असं मॅव्हिसचं मत होतं. भिंत सामाईक असल्यामुळे ते अभ्यासपूर्ण होतं. दोघांचं एक तत्त्व होतं. गिटार नाही, ड्रम नाही, माणसाच्या हाताचा मागमूस नाही. भविष्यकाळ यंत्रांचा आहे.

भविष्यकाळाने जून महिन्यातल्या एका रविवारी पेट घेतला. बंद पडलेल्या कानशीच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी रेकॉर्डिंगची खोली केली होती, ती यांनी एका दिवसासाठी घेतली होती. सकाळी अकरा वाजता ट्रेव्हरने बनवलेल्या ताल देणाऱ्या पेटीतून धूर निघाला, मग थोडी ज्योत, मग काहीच नाही. साडेबाराला जॅनिस सिरिलच्या दारात उभी होती. आत रविवारचं जेवण, रोस्ट आणि यॉर्कशर पुडिंग, चाललं होतं.

"सिरिलकाका, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"तुम्हाला अजिबात भावना न घालता वाजवता येईल?"

मॅव्हिसने काटा खाली ठेवला. "अगं, त्याने लग्नाची मागणीसुद्धा तशीच घातली होती."

खोलीत गेल्यावर तत्त्वाचा प्रश्न पुन्हा निघाला. पूर्ण ड्रम लावले तर ते ड्रम झाले असते. म्हणून एकच ड्रम घेतला, त्यावर ओला टॉवेल पसरला, बाजूला बिस्किटाचा रिकामा डबा ठेवला. ट्रेव्हरने मायक्रोफोनची तार आपल्या यंत्रातून फिरवली. पलीकडून जो आवाज आला तो ड्रमचा नव्हता, डब्याचा नव्हता आणि टॉवेलचा तर नव्हताच. पोलादाला शिंक यावी तसा तो होता.

"कडव्याच्या शेवटी एक छोटीशी गिरकी घेऊ?" सिरिलने विचारलं.

"नको."

"अगदी शेवटी?"

"अगदी शेवटी थांबा."

गाण्याचं नाव 'लिफ्ट बंद आहे' होतं; चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईबद्दल होतं, ती खाली येत नाही. सिरिलने ते चार मिनिटं वाजवलं. मग खात्रीसाठी पुन्हा वाजवलं. ट्रेव्हरने घड्याळ लावलं होतं. दोन्ही वेळा सेकंदाचाही फरक पडला नाही. ट्रेव्हर स्टुलावर बसला.

"काका, तुम्ही काय आहात हे तुम्हाला कुणी कधी सांगितलंय?"

"दर शुक्रवारी, क्लबात," सिरिल म्हणाला.

पण त्याला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे जे होतं तेच कुणीतरी मागितलं होतं. कोट घालता घालता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते रेकॉर्डचं पाकीट असतं ना, त्यावर वाजवणाऱ्यांची नावं घालता का तुम्ही?"

जॅनिस ट्रेव्हरकडे बघायला लागली, ट्रेव्हर टॉवेलकडे. शेवटी तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. पाचशे छापून आली होती. मागे लिहिलं होतं: 'या रेकॉर्डवर ड्रम नाहीत. गिटार नाही. कुणाचाही घाम गळलेला नाही.'

"मला तर आला घाम," सिरिल म्हणाला.

"काका, आता कळलं तर आम्ही तोंडावर पडू हो."

"बरं," सिरिल म्हणाला. हे 'बरं' म्हणण्याचा त्याला सव्वीस वर्षांचा सराव होता.

सप्टेंबरात रेकॉर्ड निघाली. जॅनिसने दुकानादुकानांत फिरून ती ठेवायला दिली. ऑक्टोबरात एका संध्याकाळी मॅव्हिस मासे तळत असताना ती रेडिओवर लागली; मॅव्हिसने गॅस बंद करून ऐकली आणि शेवटी म्हणाली, "डबा छान वाजलाय." मग लंडनच्या एका संगीत-साप्ताहिकात चार ओळी आल्या. गायिकेला एक ओळ, गाण्याला अर्धी; उरलेल्या अडीच ओळी तालाबद्दल होत्या. 'मानवी मनगटाला कधीही न जमणारी निर्दय थंडी', असं त्यात म्हटलं होतं. मॅव्हिसने ते कात्रीने कापून ठेवलं.

"आता तरी नाव पाहिजे," ती म्हणाली. "पोरं दुसऱ्यांदा छापतायत, दोन हजार. पाकीट नवीन येणार. त्यांना सांग, नाहीतर मी वर्तमानपत्रात जाते."

सिरिल शनिवारी शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेला. तिथे तेच गाणं लागलेलं होतं आणि रेनकोट घातलेली दोन मुलं वाद घालत होती.

"ही पेटी जर्मन आहे."

"हट्! इतकं नेमकं? जपानी असणार."

सिरिल जवळ जाऊन उभा राहिला. "तिसऱ्या कडव्यात एक ठोका जरा हलका पडलाय," तो म्हणाला.

एका मुलाने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "आजोबा, यंत्राचं असं काही होत नसतं."

घरी येताना तो दोन स्टॉप आधीच उतरून चालत आला. मॅव्हिसला म्हणाला, "सांगितलं तर लोक म्हणतील, एक म्हातारा बिस्किटाचा डबा बडवतोय. आत्ता म्हणतायत, जपानी."

"आणि नाव?"

"नाव मला पाहिजेच आहे," सिरिल म्हणाला. इतक्या ठाम आवाजात तो यापूर्वी फक्त ठोका द्यायचा.

रविवारी पोरं चहाला आली. मॅव्हिसने सँडविच केले होते, पण बशी आपल्याकडेच ठेवली होती. जॅनिसचे डोळे खाली होते. "काका, आम्ही ठरवलंय. तुम्ही म्हणाल तर खरं काय ते छापू. लोक हसले तर हसले."

"त्या पाकिटावर नवीन काय काय येणार आहे?" सिरिलने विचारलं.

"कुठली कुठली यंत्रं वापरली त्याची यादी," ट्रेव्हर म्हणाला. "सगळे पत्रातून तेच विचारतात. कंपनीचं नाव आणि पुढे आकडा, बस."

सिरिलने चहाचा घोट घेतला. "मग माझंही तसंच घाला. नाव आणि आकडा."

मग ट्रेव्हरने पेन्सिल काढली. "आकडा कुठला?"

"चोपन्न," मॅव्हिस म्हणाली आणि बशी पुढे सरकवली. "मार्चमध्ये पंचावन्न होईल, लवकर छापा."

नोव्हेंबरअखेर पाकिटं आली. यादीत शेवटून दुसरी ओळ: 'ताल: ड्रॅबल ५४'. सिरिलने चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. दोन्ही प्रकारे तेच होतं. एक पाकीट त्याने शेगडीच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या फोटोशेजारी उभं केलं. रेग थॉर्पने ते क्लबात कुणाच्या तरी पोराच्या हातात पाहिलं आणि रस्त्यात सिरिलला गाठून विचारलं, "हे ड्रॅबलवाले तुमच्यातलेच का रे?"

"लांबचे," सिरिल म्हणाला.

जानेवारीत ब्रेमेनहून पत्र आलं. तिथला एक विद्यार्थी जॅनिसच्या पत्त्यावर, पण 'ड्रॅबल कंपनी'च्या नावाने लिहीत होता. इंग्रजी जपून लिहिलेलं होतं. ड्रॅबल ५४ चं वजन किती? वीज किती लागते? सुरू व्हायला वेळ लागतो का? किंमत काय? आणि शेवटी, आदरपूर्वक, या यंत्राची रचना कुणी केली?

सिरिलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेघांचा कागद घेतला. जेवणापूर्वी सुरू केलं, जेवणानंतर पुरं केलं. वजन बारा स्टोन, म्हणजे सुमारे शहात्तर किलो. वीज लागत नाही, चहा लागतो. गरम व्हायला दहा मिनिटं, थंडीत पंधरा. दमट हवा सोसत नाही, गुडघ्यात धरतं. विक्रीस नाही, एकच बनलेलं आहे. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. शेवटच्या प्रश्नाशी मात्र तो अडला आणि पेन तोंडात धरून बसला.

"काय झालं?" मॅव्हिसने भांडी पुसता पुसता विचारलं.

"रचना कुणाची, म्हणून विचारतोय."

"मग तुझ्या आईचं नाव लिही की. तिचं तरी कुठे कुणी छापलं होतं?"

सिरिलने विचार केला. मग सावकाश, एकेक अक्षर सारख्या अंतरावर ठेवत, लिहिलं: 'एथेल ड्रॅबल, रॉदरहॅम, १९२५.'