उर्दूच्या कपाटाला अनुमोदक

पडेगाव मागं पडलं तेव्हा सूर्यभान अण्णांच्या चपलेचा अंगठा तुटला. आमची बस दौलताबादला बंद पडली होती, मागून आलेली खच्चून भरलेली. जिल्हा ग्रंथालय संघाची सभा दुपारी औरंगाबादला, म्हणून आम्ही दोघं चालतच निघालो होतो. अण्णांनी दोन्ही चपला पिशवीत टाकल्या.

"मेंढरामागं असाच हिंडलोय, वच्छलाबाई. पायाला वळण हाय."

अण्णा देवगाव रंगारीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. शेजारच्या गावात मी तेच काम नुकतं धरलं होतं, आणि फाटलेलं पुस्तक शिवायला त्यांनीच मला शिकवलं.

निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतली. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली आणि तिथली उर्दू पुस्तकं आवारात ढीग होऊन पडली. अण्णांनी ती पोत्यांनी वाहून आणली, एकेकावर शिक्का मारला, कपाट भरलं. लोक टोमणे मारत, "रझाकार गेले, सूर्यभान त्यांचं दप्तर सांभाळतोय." अण्णा म्हणत, "शेळ्यांच्या रोगावरचं पुस्तक हाय यात. शेळी कुठं रझाकार व्हती?"

ती पुस्तकं वाचणारे म्हातारे पुढं एकेक करून गेले. शेवटी बशीर दर्जी तेवढा उरला. शुक्रवारी नमाज झाली की यायचा. त्या उन्हाळ्यात तोही गेला.

आणि नंतर संघाकडून नानासाहेब तपासणीला आले. अण्णा तेव्हा दवाखान्यात होते. नानासाहेबांनी उर्दू पुस्तकं मराठीसारखीच उघडली. पहिल्या पानावर शिक्का दिसेना. 'बिनशिक्क्याची, वाचनालयाची नव्हेत, रद्दीत काढावीत,' असा शेरा मारून ते गेले.

अण्णा उठून चालायला लागले तसे एक पुस्तक घेऊन नानासाहेबांकडं गेले. मागची बाजू उघडून दाखवली. उर्दूचं पहिलं पान तिकडं असतं, शिक्का तिथंच होता. नानासाहेब हसले.

"असं होय. पण आता वाचतंय कोण? आणि मारलेला शेरा मीच खोडला तर लोक काय म्हणतील?"

आता शेरा फिरवायचा तर संघाच्या सभेत ठराव हवा. ठरावाला अनुमोदक नसला तर त्यावर चर्चासुद्धा होत नाही. अण्णांनी सिल्लोडच्या ग्रंथपालांना विचारलं होतं. ते म्हणाले, "माझं अनुदान नानासाहेबांकडं अडकलंय, अण्णा." बाकीचे 'बघू' म्हणाले. रद्दीवाला सोमवारी येणार होता.

हे सगळं अण्णांनी चालता चालता सांगितलं, मधे मधे खोकत, थांबत. नानासाहेब माझ्या वाचनालयाचे अध्यक्ष होते आणि माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती.

वाटेत मारुतीचं देऊळ लागलं. मी हात जोडले. अण्णा पायरीवर बसले.

"काय मागितलं?"

"तुमच्या पायात काटा मोडू नये म्हणून."

"काट्याचं काय नाय. डॉक्टरनं छातीचा फोटू बघितला. मला कायबी बोलला नाय, पोराला बाहेर नेऊन सांगितलं." त्यांनी तळव्याला रुतलेला खडा काढून टाकला. "पुढच्या सभेला मी नसंन. त्याचं दुःख नाय. पर एखाद्या गावात अजून एखादा बशीर असंल. तो आला तर कपाट जागेवर पाहिजे."

मी पदर सारखा केला. उन्हानं डोळे दुखत होते.

"तुमची नोकरी कच्ची हाय, मला ठावं हाय," अण्णा म्हणाले. "दुसरं कुणी मिळालं असतं तर बोललो नसतो. भाषण नको. मी ठराव वाचला की तेवढं उभं राहा, आन् म्हणा, माझं अनुमोदन आहे."