विहिणीच्या तोडीचा विमा

परदेशी जाताना काढायचा विमा मी साडीसारखा निवडला. म्हणजे विहिणीच्या अंगावर काय आहे ते आधी बघितलं आणि मग माझं ठरवलं. इतका येडेपणा आमच्या वसमतमध्ये दुसऱ्या कुठल्या बाईनं केला नसेल, आणि केला असला तरी ती लिहून ठेवणार नाही. मी लिहिते, कारण पाच-सहा वर्षांमागची ती बाई आता मला परकीच वाटते. साठी ओलांडलेली, रोज सकाळी साखरेची अन् बीपीची गोळी घेणारी, आणि तरी शाळकरी पोरीसारखी जळणारी.

झालं असं की लेक जर्मनीत, आणि तिचं पहिलं बाळंतपण. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिला डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं, तेव्हा माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी. गल्लीत चार घरी सांगूनही झालं. आणि मग जावयांचा फोन आला.

"आमची आईपण येते म्हणून राहिली. दोघी सोबत असल्या की विमानात एकमेकींना आधार."

"व्हय व्हय, लई चांगलं झालं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि भेंडी अशी चिरायला घेतली की आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.

विहीणबाई कळमनुरीच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, पण काठीसारख्या ताठ. औषधाची एक गोळी नाही, आणि ही गोष्ट त्या येता-जाता सांगणार. लग्नात मी मुलीची आई म्हणून त्यांचे पाय धुतले, विहिणीच्या पंगतीत त्यांच्या ताटाभोवती महिरप काढली, माझ्यापेक्षा भारी साडी त्यांना नेसवली. रीतच ती, तक्रार नाही. पण बाळंतपण तरी माझं होतं! बाळाला पहिली अंघोळ घालायची ती आईच्या आईनं, पायांवर उताणं घेऊन, तेल जिरवून. तिथंही ह्या बाई पाट मांडून बसणार की काय, ह्या विचारानं मला जेवण जाईना.

व्हिसासाठी विमा लागतो. लेकीनं दोघींसाठी निवडून कागद ह्यांच्या फोनवर पाठवले. हे चष्मा लावून वाचायला लागले. मी फक्त भरपाईचे आकडे पाहिले.

"तिचा आकडा मोठा काहून?"

"अगं, तुझ्या विम्यात जुने आजार धरलेत. तिला आजारच न्हाईत. म्हणून दोन्हीचा हिशोब वेगळा."

"म्हंजे मला काही झालं तर थोडं, अन् तिला झालं तर भरपूर?"

"तसं न्हाई गं."

"तसंच हाये. लग्नातबी तसंच व्हतं."

ह्यांनी चष्मा काढला. लग्नाचा विषय निघाला की हे चष्मा काढतात.

मी लेकीला फोन लावला. सातवा महिना चालू होता बिचारीला. "आई, आकड्यावर जाऊ नको," ती म्हणाली. "तुझी शुगर धरणारा आहे तो. दुसऱ्यात शुगर धरतच नाहीत."

"शुगर काय आजार हाये व्हय? अख्ख्या गल्लीला हाये."

"आई..."

"तुझ्या सासूला एक अन् मला एक, असं काहून? मी काय पायरीवर बसणार हाये का तिकडं?"

पलीकडं तिनं कागद गोळा केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कर तुला काय करायचं ते." मला वाटलं, जिंकले.

बसस्टँडजवळ विम्याचं काम करणारे एक गृहस्थ होते. मी ह्यांना घेऊन गेले. विहिणीचा कागद त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "अस्साच द्या. बराबर हाच."

त्यांनी नियमाप्रमाणं विचारलं. मी गोळ्या सांगितल्या, खोटं बोलले नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती. "काकू, मग हा घेऊ नका," ते म्हणाले. "तिकडं शुगरमुळं काही झालं तर कंपनी पैसा देणार न्हाई. जुना आजार म्हणून सरळ हात वर करंल."

"मला काही होत न्हाई."

"काकू, काही होईल म्हणूनच तर विमा काढतात."

ते ह्यांच्याकडं बघायला लागले. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. विमा निघाला. घरी येऊन मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आकड्याला आकडा जुळत होता. त्या रात्री पोटभर जेवले.

विमानतळावर विहीणबाईंना पोरानं व्हीलचेअर लावून ठेवलेली, इंग्रजी येत नाही, वाट चुकू नये म्हणून. माझ्यासाठीही होती, देवाचे आभार. नसती तर मी तिथंच लंगडायला लागले असते.

जर्मनीत थंडी मरणाची. पण स्वयंपाकघर कायम तापलेलं, कारण त्यात आम्ही दोघी. मी डिंकाचे लाडू नेले होते, त्यांनी मेथीचे. बाळंतिणीनं कुणाचा खाल्ला यावर आम्हा दोघींची बारीक नजर. एकदा त्या सहज म्हणाल्या, "तुमाला गोड चालत नसंल, न्हाई का?" झालं! तेव्हापासून मी त्यांच्यासमोर रोज चहाबरोबर लाडू खायला लागले. गोळ्या मात्र बाथरूमचं दार लावून घ्यायची, त्यांना दिसायला नको म्हणून. घाईत कधी घेतल्या, कधी राहिल्या.

नात झाली. तिथं बाळंतिणीच्या घरी सुईण येते, सायकलवर, डोक्याला हेल्मेट. तिनं सांगितलं, नाळ पडेपर्यंत अंघोळ नाही, नुसतं पुसून घ्या. मग आम्ही दोघी आज्या त्या नाळेवर डोळा ठेवून बसलो. रोज दुपटं उघडून बघायचं. एके दिवशी संध्याकाळी पडली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. कुणी म्हणायच्या आत पाट मांडला, वाटीत तेल कोमट केलं, नेसूचा पदर खोचला. पाणी काढायला वाकले तर डोळ्यांपुढं फरशी गोल फिरायला लागली. जीभ कोरडी लाकडासारखी. लेक हाक मारत होती ते ऐकू येत होतं, पण ओ देता येईना.

शुद्धीवर आले ती दवाखान्यात. साखर इतकी चढली होती की तिथल्या डॉक्टरीणबाईनं दोनदा मोजली म्हणे. एका हाताला सलाईन, दुसऱ्या बाजूला जावयांनी धरलेला फोन. त्यांना वाटलं, बाळ बघून बरं वाटेल. फोनमध्ये नात होती, विहिणीच्या लांब ताठ पायांवर उताणी, तेलानं चकचकीत. माझ्याच वाटीतलं तेल. माझाच पाट.

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं ते आजारानं नाही. जावयांना वाटलं, आनंदानं.

कंपनीनं वसमतच्या गृहस्थांनी सांगितलं होतं तेच कळवलं: जुना आजार, मिळणार नाही. दवाखान्याचं बिल जावयांनी भरलं. जावयाच्या घरचं पाणी पितानाही संकोच करणारी आमची पिढी, आणि मी त्यांच्या शिलकीत असा खड्डा पाडला. किती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं की लेक कुकर लावायला उठते.

दोन दिवसांनी घरी आले. नात झोपलेली, लेकही. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. विहीणबाई आल्या, माझ्या पायांवर रजई ओढली आणि उशाशी बसल्या. मला वाटलं, आता पहिल्या अंघोळीचं कौतुक ऐकावं लागणार. मी डोळे मिटून घेतले. त्यांना कळलं मी जागी आहे ते. हळू आवाजात म्हणाल्या,

"इहीणबाई, अंघोळ मी घातली, पण सून कुठं बघत व्हती? फोन तिच्या हातात, पण जीव तुमच्या दवाखान्यात. माझं पोरगं सांगत व्हतं, तुमचा पहिला विमा शोधायला ती पोटुशी पोरगी हप्ताभर बसली, ह्याला इचार, त्याला इचार, आईची शुगर धरता का, आईचं बीपी धरता का. माझा तिनं चहा उकळेस्तोवर काढला. मला काही आजारच न्हाई ना. तवा मी एकटीच बसून काय म्हणलं माहिताय का? म्हणलं, देवा, मलाबी थोडी शुगर दिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"