शेंगावाली आणि पॉप गाणं

नव्वदच्या दशकात, कॉलेजला असताना, मी रोज कळमनुरीच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघायचो. तिथं कॅसेटच्या दुकानाशेजारी एक म्हातारी शेंगा विकायची. एका कोवळ्या पोराचं पॉप गाणं तेव्हा गाजत होतं. दुकानात ते दिवसभर वाजायचं आणि शेंगा मापताना म्हातारीची मान ठेक्यावर हलायची.

वर्षभरात ते गाणं बंद झालं. एके दिवशी तिनं दुकानदाराला विचारलं, "ते पोरगं काहून गात न्हाई? बिमार पडलं का?"

"न्हाई मावशी. लोक आता दुसऱ्याचं ऐकून राहिलेत."

"इतक्यातच? आजून मिसरूड तरी फुटलं का त्याला?"

दुकानदार हसला, पण त्यानं जुनी कॅसेट शोधून लावली. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हातारीनं हातानंच थांबवलं आणि गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली.